गुडघ्याचा कोन

त्या काळी सोलापुरात रस्त्यानं जाताना आपल्या मागोमाग कुणीतरी चालतंय असं वाटलं, आणि वळून पाहिल्यावर बंद गळ्याचा लांब कोट, खाकी हॅट आणि नजर थेट आपल्या पायांवर असा एक उंच माणूस दिसला, तर घाबरायचं कारण नसे. ते डॉक्टर असत. समोरचा माणूस जरा जरी लंगडत असला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. एकदा मंगळवार पेठेतून एका कापडाच्या व्यापाऱ्यामागं ते पार तळ्यापर्यंत गेले. व्यापाऱ्यानं शेवटी थांबून विचारलं, "काय हवंय आपल्याला?"

"डावा घोटा," डॉक्टर म्हणाले. "कधी मोडला होता?"

"लहानपणी. चिंचेवरून पडलो होतो."

"बसवला कुणी?"

"आमच्या गावच्या हाडवैद्यानं."

डॉक्टर तिथंच भर रस्त्यात उकिडवे बसले. त्याला जोडा काढायला लावला, घोटा चारी बाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "बरा बसवलाय. जा आता." ही हकिकत मला त्या व्यापाऱ्यानंच सांगितली. सांगताना तो हसत होता, पण बरा बसवल्याचा शेरा मिळाला याचा त्याला अभिमानही वाटत होता.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. एका लग्नात, भर पंगतीत त्यांनी मला हाक मारली होती ती "अहो, उजवं मनगट" अशी. मीही उठून गेलो. कारण आमची ओळख त्या मनगटामुळंच झाली होती.

मी एका शाळेत चित्रकला शिकवत असे. वर्गात हिंदुस्थानचा नकाशा टांगायला टेबलावर स्टूल ठेवून चढलो आणि नकाशासकट खाली आलो. मनगट पळीच्या दांड्यासारखं वाकलं. डॉक्टरांनी ते ओढून बसवलं, खालीवर दोन आखूड लाकडी पट्ट्या बांधल्या आणि बोटं मात्र सगळी मोकळी ठेवली. मी म्हणालो, "आता दीड महिना सुट्टी म्हणायची."

"कसली सुट्टी? उद्यापासून रोज एक वर्तुळ काढायचं. कंपास न घेता. आणि कागद माझ्याकडं पाठवायचा."

फळ्यावर एका झटक्यात गोल काढणारा मास्तर अशी माझी शाळेत ख्याती होती. आता खडू धरतानाच डोळ्यांत पाणी येई. शाळेचा शिपाई रोज माझा कागद दवाखान्यात नेई आणि त्यावर लाल पेन्सिलीचा शेरा घेऊन परत येई. पहिला शेरा होता, "बटाटा." मग, "बटाटा, पण मोठा." एकदा, "वांगं. देठासकट." पाचव्या आठवड्यात "भाकरी" असा शेरा आला, तेव्हा माझ्या बायकोनं त्या दिवशी खरोखरच गोड केलं. पुढं एक दिवस कागदावर "गोल. पुरे." एवढंच आलं. मी हात घेऊन आभार मानायला गेलो, तर त्यांनी माझा तळवा पालथा-उताणा करून पाहिला आणि विचारलं, "तुम्हाला कोन मोजता येतात का हो?"

म्हटलं, "चित्रकलेच्या मास्तराला कोन मोजता येणार नाहीत तर कुणाला?"

"मग रविवारी काय करता?"

असं माझ्या रविवारांचं ठरलं. पुढची पाचसहा वर्षं ते त्यांचेच होते.

डॉक्टर एका धर्मादाय दवाखान्यात होते. महायुद्धात पलटणीबरोबर जाऊन आले होते आणि तिथं इतकी मोडकी हाडं पाहिली होती की परत आल्यावर तापखोकल्याचे रोगी ते सहकाऱ्यांच्या टेबलाकडं सारत. लग्न केलं नव्हतं. घरी थोरली विधवा बहीण होती. तिला सगळं गाव आक्का म्हणे. आक्कांचं सोवळं कडक होतं आणि नेमक्या त्याच घराच्या अंगणात डॉक्टरांचा प्रयोग चाले. खाटकाकडून बोकडाच्या मांडीची हाडं यायची. ती उकळायची, वाळवायची, मग डॉक्टर ती निरनिराळ्या तऱ्हेनं मोडायचे. पिळून मोडलेलं हाड कसं दिसतं, आपटून मोडलेलं कसं, आणि कुठल्या बांधणीनं कुठलं जागेवर राहतं. हाडं उकळायच्या दिवशी आक्का सकाळीच सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसत त्या तिन्हीसांजेला परतत. मला एकदा म्हणाल्या, "मास्तर, या घरात पुढं देव आहेत आणि मागं खाटीकखाना. मध्ये मी." पण पावसाचे थेंब पडू लागले की वाळत घातलेल्या हाडांवर पत्रा सरकवणाऱ्याही त्याच असत, काठीनं, लांबून.

डॉक्टरांचा खरा अभिमान होता मांडीच्या हाडावर. मांडी मोडली की त्या काळी माणूस लंगडाच व्हायचा. स्नायूंच्या ओढीनं हाडाची टोकं एकमेकांवर चढत, पाय आखूड होई. डॉक्टरांची रीत अशी होती की काखेपासून टाचेपर्यंत एक लांब फळी बांधायची, पाय ओढून ताणून धरायचा, आणि तीन-तीन महिने माणसाला त्या फळीवरून हलू द्यायचं नाही. हाडं सरळ जुळत. दवाखान्यात नुकतंच एक्स-रेचं यंत्र आलं होतं. त्याच्या काचा डॉक्टर खिडकीपाशी उन्हात धरून मला दाखवत. "बघा, मास्तर. काठी. तुमच्या पट्टीनं आखल्यासारखी."

या सरळ हाडांवर त्यांना एक लेख लिहायचा होता. मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवायचा होता. नुसत्या काचा पुरेशा नव्हत्या. घरी गेलेली माणसं आज कशी चालतात ते त्यांच्या गावी जाऊन बघायचं, मी चित्रं काढायची, कोन मोजायचे, असा बेत होता. त्यांनी सगळी जुनी रजिस्टरं काढली आणि गावांची यादी केली.

पहिला रविवार जेऊरचा. सकाळच्या गाडीनं गेलो. स्टेशनाजवळच एका शेतकऱ्याचं घर होतं. विहिरीवरून घसरून त्याची मांडी मोडली होती, त्याला चार वर्षं झाली होती. आम्हाला पाहून तो शेतातून चालत आला. ताठ, सरळ, दोन्ही पाय सारखे. डॉक्टरांनी माझ्या दंडाला धरलं. "चाल बघा. काढा."

मी उभ्या माणसाचं चित्र काढलं. मग त्याच्या बायकोनं घोंगडी अंथरली आणि तो बसायला लागला. भिंतीला पाठ लावली, एका हातानं खांब धरला आणि घसरत घसरत खाली आला. मोडलेला पाय मुसळासारखा पुढं लांब पडला.

"गुडघा वाकवा," डॉक्टर म्हणाले.

"वाकत न्हाय की."

"कधीपासून?"

"तुमी फळी काढल्यापास्नं."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून हलवून पाहिला. मी कोनमापक पुढं केला आणि पुन्हा खिशात ठेवला. मोजायला काही नव्हतंच.

"मग चालतं कसं सगळं?" त्यांनी विचारलं.

"चालतंय आपलं. सकाळच्याला लई हाल व्हतात. उकिडवं बसता येत न्हाय, बाबळीला धरून उबं ऱ्हावं लागतं. खुरपायला येत न्हाय. पंगतीत बसलं तर पाय फुडच्याच्या ताटात जातो, म्हनून लगनाला जात न्हाय."

"अहो, मग दवाखान्यात का नाही आलात?"

तो माणूस खरोखरच गोंधळला. म्हणाला, "तुमीच म्हनला व्हता की, पाय बरा झाला. मग मला वाटलं, बरा म्हंजे असाच आसतो."

परतीच्या गाडीत डॉक्टरांच्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं. त्या माणसाच्या नावापुढं त्यांच्याच अक्षरात "बरा" असं लिहिलेलं होतं आणि त्या शब्दावर ते बोट ठेवून बसले होते. सोलापूर आलं तसं त्यांनी पेन्सिल काढून तो खोडला.

दुसरा कुणी असता तर यादी तिथंच मिटली असती. डॉक्टर पुढच्या रविवारी करमाळ्याला निघाले. या खेपेला गाठायचा होता तो वेगळाच माणूस. त्यानं तिसऱ्या आठवड्यात फळी सोडून दवाखान्यातून पळ काढला होता आणि त्याच्या नावापुढं डॉक्टरांनी रागानं "पळाला" असं दोनदा अधोरेखित करून ठेवलं होतं. तो बाजारात कांदे विकतो असं कळलं. जेऊरला उतरून सर्व्हिस मोटारीनं करमाळा गाठलं. बाजार भरला होता. कांद्याच्या ढिगामागं तो उकिडवा बसला होता. डॉक्टरांची हॅट दिसताच उठला आणि पळत सुटला.

"अरे थांब, पाय बघायचाय नुसता," असं म्हणत डॉक्टरही मागं. मी कागदांची गुंडाळी सांभाळत त्यांच्या मागं. तो लंगडत पळत होता, पण असा पळत होता की डॉक्टरांना धाप लागली. शेवटी गूळवाल्यांनी त्याला अडवलं.

"परत फळीला बांदनार न्हाय ना?" त्यानं आधी कबूल करून घेतलं.

त्याची मांडी विळ्यासारखी वाकली होती. पाय चांगला तीन बोटं आखूड होता. एक्स-रे काढला असता तर डॉक्टरांनी ती काच कुणाला दाखवली नसती. पण त्यानं गुडघा वाकवला तेव्हा टाच जाऊन कुल्ल्याला लागली. डॉक्टरांनी पुन्हा वाकवायला सांगितला. पुन्हा लागली.

"काय केलंस तू घरी जाऊन?"

"हाडवैद्यानं कामट्या बांदल्या. म्हनला, गुडगा रोज हालवायचा. लई दुकायचं. बोंबलायचो. पर हालीवला."

डॉक्टर कांद्याच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसले. "मास्तर, काढा."

"वाकडी मांडी काढू?"

"दोन्ही काढा. वाकडी मांडी आणि वाकणारा गुडघा. एकाच कागदावर."

मी काढत होतो तोवर त्यांनी त्या माणसाला दहा प्रश्न विचारले. नांगर धरतोस का, झाडावर चढतोस का, ओझं घेतल्यावर काय होतं. ओझं घेतल्यावर कंबर धरते, असं तो म्हणाला. तेही त्यांनी लिहून घेतलं. निघताना त्यानं आम्हाला धोतराच्या सोग्यात मावतील तेवढे कांदे दिले. मोटारीत डॉक्टर ते कांदे मांडीवर घेऊन म्हणाले, "मनगट लवकर हलवायचं हे मला पलटणीतच कळलं होतं. तेच मांडीला लागू करायला मला इतकी वर्षं लागली. का, माहीत आहे? माझ्या काचा सुंदर येत होत्या."

त्या वर्षी आम्ही पुष्कळ हिंडलो. ज्या माणसांनी फळीचा काळ शहाण्यासारखा पुरा केला होता त्यातल्या बहुतेकांचे गुडघे ताठ होते. पळून गेलेल्यांचे वाकत होते, पण मांड्या वाकड्या होत्या. माझ्या कागदांचे दोन ढीग झाले. डॉक्टर ते भिंतीवर टाचण्यांनी लावत आणि समोर उभे राहत. आक्का म्हणाल्या, "निदान आता कागद तरी आहेत, हाडं गेली." हाडं गेली नव्हती, माळ्यावर चढली होती.

हाड ओढून सरळही ठेवायचं आणि त्याच वेळी गुडघा हलवत राहायचा, हे कसं जमवायचं यावर ते महिनेन्‌महिने विचार करत होते. लोखंडी चौकट, कप्प्या, वाळूच्या पिशव्या असलं काहीबाही सुताराकडून आणि लोहाराकडून करून आणत. पण माणसावर ते अजून लावलं नव्हतं. बोकडाचं हाड दुखत नाही, हीच त्या प्रयोगातली अडचण होती.

अशात एक तेलुगू विणकर दवाखान्यात आला. सुताचं गाठोडं घेऊन येताना बैलगाडीखाली सापडला होता. उजवी मांडी मधोमध मोडली होती. त्याची बायको बरोबर होती. डॉक्टर फळीबद्दल सांगायला लागले, तशी तिनं मध्येच विचारलं, "मोकालु वंगुतुंदा?"

डॉक्टरांनी विणकराकडं पाहिलं. वेदनेनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यानं मराठीत सांगितलं. "गुडघा वाकतंय का, विचारतीय. माग खड्ड्यातला हाय, डॉक्टरसाब. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पावड्या दाबायच्या. गुडघा नाही वाकला तर माग बंद."

इतक्या वर्षांत हा प्रश्न आधी विचारणारी ती पहिलीच, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले. तिचा प्रश्न घेऊन ते थेट थोरल्या डॉक्टरांकडं गेले. दवाखाना त्यांच्या हाताखाली होता. मी तेव्हा व्हरांड्यात भिंतीवरचे नवे तक्ते रंगवत होतो, म्हणून बोलणं कानावर आलं. थोरले डॉक्टर चांगले गृहस्थ होते, पण सावध.

"तुमची फळीची पद्धत उत्तम चालली आहे. सगळीकडं नाव आहे. हे दोरखंडांचं काय काढलंत?"

"फळीनं गुडघे जातात."

"आणि दोऱ्यांनी हाड सरकलं तर जबाबदार कोण?"

"मी."

"आणि पाय कुणाचा?"

 डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. पाय त्याचा आहे. त्यालाच विचारतो."

ते परत गेले, खाटेशेजारी बसले आणि त्यांनी दोघांना सगळं सांगितलं. फळी लावली तर हाड सरळ जुळेल, गुडघा बहुधा ताठ होईल. नवी रीत मी आजवर कुणावर केलेली नाही. गुडघा वाचेल असं वाटतं, हाड थोडं वाकडं जुळेल, कदाचित जास्त वाकडं. मी जेऊरला एक पाय पाहिला, करमाळ्यात एक पाहिला, असं म्हणून त्यांनी मला हाक मारून दोन्ही चित्रं आणायला लावली. विणकराच्या बायकोनं ती चित्रं हातात घेतली. ताठ पायाचं चित्र तिनं खाली ठेवलं. विळ्यासारख्या मांडीच्या चित्रावर बोट ठेवून ती नवऱ्याशी तेलुगूत बोलली.

"वाकडं चालतंय म्हणती," तो म्हणाला. "ताठ नको."

मग खाटेवर ती चौकट उभी राहिली. पायाला ओढ द्यायला खाटेच्या पायथ्याशी एक कप्पी आणि वाळूची पिशवी. गुडघ्याखाली वेगळी झोळी, तिची दोरी वरच्या दांडीवरून फिरून रोग्याच्या हातात. त्यानं ती स्वतः ओढायची आणि गुडघा थोडा थोडा वाकवायचा. पहिल्या दिवशी डॉक्टर दोऱ्यांशी झटत होते आणि दर वेळी झोळी उचलली की पायाची ओढ सैल पडत होती. विणकर तासभर बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरसाब, ही दोरी अशी नाही. तुम्ही दोन्ही ओढ एकाच ठिकाणी देताय. एक ओढ हालली की दुसरी सुटती. आम्ही मागावर अशी बांधत नाही."

"कशी बांधता?"

"मला द्या."

पडल्या पडल्या त्यानं दोऱ्या सोडल्या, बायकोकडून घरची एक छोटी लाकडी कप्पी मागवली आणि सगळं नव्यानं ओवलं. झोळी वर गेली, पिशवी जागची हलली नाही. डॉक्टर वहीत आकृती काढू लागले. माझ्याकडून काढून घ्यायचं भानही त्यांना राहिलं नाही. ती आकृती फार वाईट होती.

दर रविवारी मी कोन मोजत असे. सुरुवातीला कोनमापकावरच्या एका रेघेची जाडी म्हणावी इतकाच फरक. विणकर ओठ दाबून दोरी ओढी आणि बायको शेजारी बसून तेलुगूत काहीतरी मोजत राही. तिसऱ्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाड सरकलेलं दिसलं. फार नाही, पण डॉक्टरांच्या पट्टीवर उभं राहणारं नव्हतं. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं आक्का म्हणाल्या. त्यांनी वाळू वाढवली, खाटेचा पायथा विटा लावून उचलला आणि रोज तीन वेळा टेपनं दोन्ही पाय मोजले. थोरल्या डॉक्टरांनी येऊन काच पाहिली. जाताना त्यांनी विणकराला विचारलं, "आज किती वाकला?" तेव्हा मला वाटलं, आता निभावेल.

हाड जुळलं. किंचित वाकडं आणि बोटभर आखूड जुळलं. काच काही खिडकीत धरून दाखवण्याजोगी नव्हती आणि डॉक्टरांनी ती धरलीही नाही.

काही महिन्यांनी त्यानं आम्हाला घरी बोलावलं. एका खोलीत माग, त्या खोलीतच चूल, दोरीवर रंगवलेलं सूत. तो भिंतीला न धरता खड्ड्याच्या काठावर बसला, पाय आत सोडले आणि उजव्या पायानं पावडी दाबली. ती पुरती खाली गेली नाही. त्यानं पाय जरा मागं घेतला, पुन्हा दाबली. या वेळी सूत उघडलं आणि धोटा पलीकडं गेला. मग आवाज सुरू झाला तो थांबेचना. डॉक्टर खड्ड्याच्या काठावर पालथे पडून आत त्याचा गुडघा बघत होते. कोटाला सगळी खळ लागली. विणकराची बायको माझ्याकडं बघून हसली आणि तिनं त्यांना हात धरून उठवायची मला खूण केली.

"अजून दुपारनंतर दमतंय," विणकर म्हणाला.

"कुठं दमतं?" डॉक्टर एवढे खूश झाले की पुन्हा पालथे झाले.

लेख पुढं छापून आला. मासिकाच्या संपादकांनी पत्रानं सुचवलं होतं की यशस्वी रोग्यांची माहिती उत्तम आहे, पण ताठ गुडघ्यांची यादी गाळावी, तिचं प्रयोजन दिसत नाही. डॉक्टरांनी उलट कळवलं की मग विणकरही गाळावा, कारण यादीशिवाय त्याचंही प्रयोजन उरत नाही. शेवटी सगळंच छापलं. माझी चित्रं मात्र टपालाच्या तिकिटाएवढी करून टाकली. मी खट्टू झालो. डॉक्टरांनी आपलं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आहे, आहे. सगळं आहे आत."

पण लेख पाठवण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. ज्यांचे गुडघे ताठ झाले होते त्या सगळ्यांना ते पुन्हा भेटले. "मी त्यांच्याबद्दल छापणार आहे," ते म्हणाले, "तर त्यांना आधी कळायला हवं." जेऊरचा शेतकरी सगळं ऐकून म्हणाला, "आता सांगून काय उपेग?" डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही नाही. पुढच्याला आहे." त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग छापा." काही जण रागावले. एकानं दार लावून घेतलं. डॉक्टर त्या दारासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि मग आम्ही परतलो.

सगळ्यात शेवटी राहिली होती मैंदर्गीची एक बाई. तिच्याकडं आम्ही आधी पोचलो नव्हतो, गुडघा ताठ असल्याचं तिच्या गावच्या माणसाकडून कळलं होतं. माळवदावर मिरच्या वाळत घालताना ती खाली पडली होती. तिला फळीत ठेवून बरीच वर्षं झाली होती. अक्कलकोटहून टांग्यानं गेलो, ऊन मी म्हणत होतं. ती दारातच उभी होती, साठीच्या घरातली, धिप्पाड. "बर्री, बर्री," असं कानडीत आत बोलावत म्हणाली आणि मग हॅट ओळखून मराठीवर आली. "डॉक्टर की काय तुमी?"

डॉक्टरांनी हॅट काढली. बसलेही नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचा गुडघा ताठ राहिला तो माझ्या उपचारानं. हाड मी नीट बसवलं, पण गुडघ्याकडं पाहिलं नाही. माझी चूक झाली. ते सांगायला आलोय."

तिनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. "चूक झाली म्हनता? व्हय, झाली की. पयल्या वर्साला लई शिव्या दिल्या तुमाला. रोज भाकरी थापायला खाली बसायचं म्हंजे रडू यायचं. शिव्या देऊन देऊन मीच दमले. मग म्हनलं, गुडगा वाकत न्हाय तर चूल उचला."

"म्हणजे?"

"या की आत."

आत स्वयंपाकाच्या जागी दगडमातीचा एक ओटा होता, कमरेइतका उंच, आणि त्यावर चूल. शेजारी परातही तेवढ्याच उंचीवर. तिनं ते एका गवंड्याकडून बांधून घेतलं होतं. "गाव हासलं. उब्यानं भाकरी थापल्यावर लक्ष्मी ऱ्हात न्हाय म्हनले. आता ह्याच गल्लीत आनखी दोन घरांत असला ओटा झालाय. त्या बायांचे गुडगे धड हायेत. कंबर दुकत न्हाय म्हनत्यात."

डॉक्टरांनी खिशातून घडीची पट्टी काढली. ओट्याची उंची मोजली, मग तिच्या कोपराची उंची मोजली, मग पुन्हा ओट्याची. "मास्तर, काढा. हेही लेखात जाईल."

"हाडांच्या लेखात चूल?"

"काढा तुम्ही."

मी काढत असताना ती ज्वारीच्या भाकऱ्या थापत होती. परात, तवा, विस्तव, सगळं हाताशी. झाल्यावर तिनं माझ्यासाठी आणि डॉक्टरांसाठी पाट मांडले, ताटं वाढली आणि स्वतःचं ताट ओट्यावरच ठेवलं, कारण तिला खाली बसता येत नव्हतं. मी पाटावर बसलो. डॉक्टरांनी आपलं ताट उचललं आणि ओट्याच्या दुसऱ्या बाजूला, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बसा की," ती म्हणाली. "पाट हाय."

"नको. उभ्यानं जेवून कसं वाटतं ते बघतो."

 दोघं समोरासमोर जेवू लागली. शेंगांची चटणी, दही, भाकरी. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कसं वाटतंय?"

डॉक्टरांनी घास संपवला आणि रोग्याला उत्तर देण्याआधी थांबत तसे थांबले. "कंबर मोकळी राहते," ते म्हणाले. "पण भाकरी फार लवकर संपते."

तिनं तव्यावरची गरम भाकरी उलथण्यानं उचलली आणि त्यांच्या ताटात टाकली.